काशी स्थानकाखालची काशी

मुंबईहून बनारसला निघालेली गाडी मुगलसरायच्या बाजूने गंगेवर आली की डब्यातली माणसे डावीकडच्या खिडक्यांशी गर्दी करतात. मालवीय पुलावरून घाटांची चंद्रकोर एका नजरेत दिसते. पूल संपतो न संपतो तोच एक स्थानक मागे पडते आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ते काशी स्थानक. मोठ्या गाड्यांचा थांबा पुढे, वाराणसी जंक्शनला. प्रवासी मनाने तेव्हा घाटावर पोचलेला असतो, त्यामुळे आपण ज्या उंचवट्यावरून चाललो आहोत तीच सगळ्यांत जुनी काशी, हे त्याला ठाऊक नसते. या उंचवट्याला राजघाट म्हणतात. वस्तीचे इथले सर्वांत खालचे थर साधारण इसवी सनपूर्व आठव्या शतकापर्यंत जातात. आजचे गल्लीबोळांचे बनारस त्याच्या दक्षिणेला, पुष्कळ नंतर पसरलेले.

औध-रोहिलखंड रेल्वेच्या अभियंत्यांनी इथे पूल बांधला, तो 1887 साली खुला झाला.  त्या काळी पुलाला डफरिनचे नाव होते, 1948 मध्ये मालवीयांचे आले. पुलाच्या पश्चिम टोकाचा चढ आणि रूळ राजघाटाच्या टेकाडातूनच नेलेले आहेत. पुढे 1939-40 मध्ये काशी स्थानकाच्या वाढीसाठी रेल्वेने टेकाडाची माती काढायला घेतली, तेव्हा मजुरांच्या कुदळीखाली भिंती लागल्या, विटा निघाल्या, भाजक्या मातीची मुंडकी आणि खेळणी निघाली, मातीच्या शेकडो मुद्रा निघाल्या. कामाचा हेतू भराव आणि सपाटी एवढाच असल्याने बातमी पसरेपर्यंत बरेच काही बाजारात गेले. राय कृष्णदास यांनी भारत कला भवन या संग्रहालयासाठी त्यातले जमेल तेवढे मिळवले. वासुदेवशरण अग्रवालांनी त्या मृण्मूर्तींवर लिहिले. पुरातत्त्व खात्यातर्फे कृष्णदेव यांनी 1940 मध्ये उत्खनन केले आणि पुढे 1957 पासून अवधकिशोर नारायण व त्यांच्या सहकाऱ्यांनी काशी हिंदू विद्यापीठातर्फे रीतसर थर वाचले. गुप्तकाळातल्या बनारसचा चेहरा आज आपल्याला दिसतो तो बराचसा त्या मुद्रा आणि मुंडक्यांमुळे. म्हणजे एका रेल्वे स्थानकाच्या दुरुस्तीने काशीचा इतिहास उघडा केला आणि त्याच दुरुस्तीने त्याचा एक भाग हातातून घालवलाही.

या पुस्तकाचा विषय स्थानकांच्या नूतनीकरणात निघणारे जुने बांधकाम साहित्य आणि त्याचा पुन्हा वापर हा आहे. घडीव दगड, विटा, सागवानी तुळया, ओतीव लोखंडाचे खांब, कौले, फरशा, रूळ. हे सगळे राडारोडा म्हणून भरावात जावे की नव्या बांधकामात उभे राहावे? प्रश्न सोपा वाटतो आणि आजच्या वातावरणात उत्तरही तयार असते: वापरावे, पर्यावरण वाचते, पैसा वाचतो. मलाही वापरावे असेच म्हणायचे आहे. पण प्रस्तावना बनारसपासून सुरू केली ती एवढ्यासाठी की जुन्या दगडाचा पुनर्वापर किती वाईट असू शकतो, याचेही धडे याच शहराने दिलेले आहेत. ते आधी पाहिल्याशिवाय पुढची पाने वाचू नयेत असे मला वाटते.

सारनाथ इथून जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. काशीनरेश चेतसिंहाचे दिवाण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जगतसिंहांनी 1794 मध्ये शहरात बाजारपेठ वसवायला घेतली, तीच आजची जगतगंज. तिच्यासाठी विटा आणि दगड हवे होते. सारनाथच्या ओसाड रानात विटांचा भलामोठा ढीग उभा होता. तो धर्मराजिका स्तूप होता, अशोकाच्या काळी उभारलेला आणि नंतर वेळोवेळी वाढवलेला. मजुरांनी तो उकरत नेला. आत खोलवर दगडी पेटी सापडली, तिच्यात आणखी एक करंडक आणि त्यात थोड्या अस्थी, मोती व सोन्याचे पत्रे. अस्थी गंगेत सोडल्या गेल्या. तेव्हाचा बनारसचा रेसिडेंट जोनाथन डंकन (हाच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला) याने ही हकीकत 1798 मध्ये एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापली. सारनाथकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले ते या टिपणाने. स्तूपाचा आज फक्त पाया उरला आहे, एक वर्तुळ. विटा मात्र वाया गेल्या नव्हत्या. त्या घरांत आणि दुकानांत बसल्या. पुनर्वापराच्या हिशेबाने पाहिले तर काम चोख झाले होते.

त्यानंतरची हकीकत मला अधिक अस्वस्थ करते. 1835 मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम हा तरुण लष्करी अभियंता सारनाथला खणायला आला. त्याने मूर्ती बाहेर काढल्या, काही निवडून कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीकडे पाठवल्या. उरलेल्या चाळीसहून अधिक मूर्ती आणि कोरीव दगड एका जागी गोळा करून तिथेच ठेवले. काही वर्षांनी वरुणा नदीवरच्या पुलाखालचे पात्र पाण्याने खरवडले जाऊ लागले. तळाला टाकायला जड दगड हवे होते. एका इंग्रज अधिकाऱ्याने कनिंगहॅमने रचून ठेवलेल्या त्या मूर्ती गाड्यांवर लादून पुलाच्या कमानींखाली टाकल्या. वरुणेवरच्या दुसऱ्या, लोखंडी पुलासाठीही सारनाथहून पन्नास-साठ गाड्या दगड नेल्याचे शेरिंग या मिशनऱ्याने 1868 च्या आपल्या बनारसवरच्या पुस्तकात नोंदवले आहे. त्या मूर्ती कोणी द्वेषाने फोडल्या नव्हत्या. रचून ठेवलेला ढीग होता, त्याच्यावर मालकाचे नाव नव्हते, ढिगात काय आहे याची यादी त्या अधिकाऱ्यापुढे नव्हती आणि नदी पूल पोखरत होती. सार्वजनिक बांधकामावर काम केलेल्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

बांधकाम खात्याच्याच एका माणसाने पुढे भरपाईही केली. फ्रेडरिक ओर्टेल हा बनारसला सार्वजनिक बांधकाम खात्याचा कार्यकारी अभियंता होता. त्याने 1904-05 च्या हंगामात सारनाथला नकाशे आखून, प्रत्येक वस्तू कुठे सापडली ते टिपत खणले. अशोकस्तंभाचे चार सिंहांचे शीर्ष, जे 1950 पासून आपले राजचिन्ह आहे, ते त्या हंगामात मातीतून वर आले. तेच मैदान, तसेच मजूर आणि तशाच कुदळी. पण ओर्टेलच्या हाताखाली नोंदवही होती. या पुस्तकाच्या विषयाबद्दल मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे: पुनर्वापर चांगला की वाईट हे दगड कुठे गेला यावर जितके ठरते, त्याहून अधिक तो कुठून आला हे कोणी लिहून ठेवले का यावर ठरते.

नोंद नसली की जे होते ते फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. लंडनच्या युस्टन स्थानकासमोर 1837 पासून उभी असलेली भव्य दगडी कमान 1961-62 मध्ये नव्या स्थानकासाठी पाडली गेली. ती जपावी म्हणून मोठी चळवळ झाली, पाडण्याचे काम घेतलेल्या कंत्राटदारानेही दगडांना क्रमांक घालून ते सांभाळायची तयारी दाखवली. सरकारने ऐकले नाही. पुढे तीस-बत्तीस वर्षे ते दगड गेले कुठे याचा पत्ता नव्हता. 1994 मध्ये डॅन क्रुकशँक या इतिहासकाराने शोधून काढले की त्यांतले पुष्कळसे पूर्व लंडनमधल्या एका कालव्याच्या तळातला खड्डा बुजवायला टाकले आहेत. न्यूयॉर्कच्या पेन्सिल्व्हेनिया स्थानकाचे खांब 1963 नंतर असेच न्यू जर्सीच्या दलदलीत पडले. वरुणेच्या तळाशी बुद्धमूर्ती, लंडनच्या कालव्यात युस्टनचे खांब. शतक बदलले, राज्य बदलले, तरी जड दगडाला खड्डाच मिळाला.

आता रेल्वेकडे वळू. गमतीची नव्हे, शिकण्याची गोष्ट अशी की पुनर्वापराची सर्वांत शिस्तशीर पद्धत भारतीय रेल्वेकडेच आहे, पण ती रुळांपुरती. मुख्य मार्गावरून काढलेला रूळ लगेच भंगारात जात नाही. त्याची झीज मोजतात, तडे तपासतात, त्याची प्रतवारी ठरवतात. चांगला असेल तर तो लूप लाइनला किंवा सायडिंगला जातो, जिथे वेग कमी असतो. तिथेही निभावला नाही तर तो कुंपणाचा खांब होतो, फाटकाचा खांब होतो, फलाटावरच्या छपराचा टेकू होतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी छोट्या स्थानकांवर छपराखालचे खांब नीट पाहिले तर ते जुने रूळच असतात, कधी कधी त्यांच्या अंगावर विलायती कारखान्याचे नाव आणि साल उठावाने उमटवलेले दिसते. त्यानंतर जे उरते ते लिलावात जाते. प्रत्येक टप्प्यावर कागद असतो आणि सही असते. रूळमार्गाच्या देखभालीवरच्या माणसाला आपल्या रुळाचा जन्म ठाऊक असतो. त्याच स्थानकाच्या इमारतीतल्या घडीव दगडाला मात्र हा मान नाही. इमारत पाडायची ठरली की दगड, वीट, लाकूड हे सगळे एका रकान्यात जमा होते.

तो रकाना कंत्राटाच्या कागदात असतो. सरकारी दरसूचीत पाडकामाची बाब असते तिच्यात कामी येणारे साहित्य रचून ठेवणे आणि निकामी साहित्य हलवणे असे शब्द असतात. कामी येणारे काय आणि निकामी काय हे ठरते जागेवर, घाईत, गाड्यांच्या दोन वेळांमधल्या ब्लॉकमध्ये. यंत्राने इमारत पाडली तर एका दिवसात मैदान साफ. हाताने वरून खाली उतरवत आणली तर आठवडे लागतात, माणसे जास्त लागतात. कंत्राटदाराला दोष देण्यात अर्थ नाही. निविदेत उतरवण्याचा वेगळा दर नसेल तर तो यंत्रच आणणार. 2016 च्या बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या नियमांनी मोठ्या प्रकल्पांना काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे वर्गीकरण करायला सांगितले, हे चांगले झाले. पण त्या नियमांच्या नजरेत तो कचराच होता. दीडशे वर्षांपूर्वी पाथरवटाने छिन्नीने घडवलेला कोनाचा दगड आणि फुटलेले प्लास्टर यांत ते नियम फरक करत नव्हते. तो फरक करणारा माणूस पाडकामाच्या आधी तिथे हजर असावा लागतो.

हा माणूस पहिल्यांदा पाहतो तो सांध्यातला मसाला. जुन्या विटा परत मिळतील की नाही हे विटेपेक्षा मसाल्यावर अवलंबून असते. चुना आणि सुरखीत बसवलेली वीट हलक्या हाताने सुटते, तिला चिकटलेला चुना घासून निघतो, आणि तोच चुना भिजवून, चाळून पुन्हा भरड म्हणून वापरता येतो. सिमेंटमध्ये बसवलेली वीट सांध्याच्या आधी स्वतः फुटते. म्हणून 1900 च्या आसपासच्या स्थानकाची भिंत पुन्हा उभी राहू शकते आणि 1980 च्या वाढीव खोलीची भिंत बहुधा राहू शकत नाही. बनारसच्या जुन्या घरांत लखौरी नावाची पातळ, हाताएवढी वीट असते, चुन्यातच रचलेली. ती आजच्या विटेपेक्षा मऊ असते. तिला सिमेंटच्या कडक सांध्यात बसवले तर ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, विटेतून पडते, आणि काही पावसाळ्यांत विटेचा चेहरा पापुद्र्यांनी गळून जातो. जुने साहित्य वाचवायचे तर त्याचा जुना सोबतीही वाचवावा लागतो.

दगडाची गोष्ट वेगळी. काशीच्या घाटांचा दगड चुनारचा, पिवळसर-गुलाबी वालुकाश्म, गंगेच्या वरच्या अंगाला मिर्झापूर जिल्ह्यातल्या खाणींचा. अशोकाचे स्तंभ त्याचे, अहिल्याबाईंनी 1780 मध्ये उभारलेल्या विश्वनाथ मंदिराच्या परिसरात तोच दगड, शिंदे-भोसल्यांच्या घाटांच्या पायऱ्या त्याच्याच. नावेतून उतरलेला हा दगड दोन-अडीच हजार वर्षे या शहरात हात बदलत फिरला आहे. पेशव्यांशी नाते सांगणारा बालाजी घाटावरचा वाडा ढासळत चालला म्हणून 2012 मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत गेला, तेव्हा अनेक मराठी घरांत पहिल्यांदा कळले की आपले असेही काही तिथे उभे आहे. वालुकाश्म थरांचा असतो. खाणीत तो ज्या बाजूने आडवा होता त्याच बाजूने भिंतीत बसवावा लागतो, उभा केला की थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटतात. म्हणून उतरवलेल्या प्रत्येक दगडाच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला नुसता क्रमांक पुरत नाही, वरची बाजू दाखवणारी खूणही हवी. आधी मोजमापाचे नकाशे, मग छायाचित्रे, मग क्रमांक, आणि चढवले त्याच्या उलट्या क्रमाने उतरवणे. दगड ओल्या जमिनीवर न ठेवता जुन्या स्लीपरांवर ठेवावेत, नाहीतर खालून क्षार चढतात.

सगळेच वाचवावे असा आग्रह मात्र खोटा आहे. जुन्या फलाटांवरचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे कितीही धडधाकट दिसले तरी पुन्हा वापरू नयेत. कापताना आणि छिद्रे पाडताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते. क्रिओसोट पाजलेले लाकडी स्लीपर हॉटेलांतून टेबले म्हणून मिरवताना दिसतात, ते बंद खोलीत आणि अन्नाजवळ नसावेत, जाळू तर मुळीच नयेत. ओतीव लोखंडाचा खांब भार डोक्यावर घ्यायला उत्तम, पण त्याला वाकवणारा ताण सोसत नाही, तो न कुरकुरता तुटतो. त्याची नव्या छपरात तुळई करू नये. रुळाच्या पोलादात कार्बन जास्त असतो, त्याला साध्या पोलादासारखे वेल्डिंग केले की सांध्याशेजारी तडा जाऊ शकतो. शंभर वर्षांचा सागवान मात्र आजच्या लागवडीच्या सागापेक्षा बहुधा सरसच भरतो, फक्त खिळे काढून, वाळवी पाहून, टोके ठोकून घ्यावी लागतात. मुंबईच्या उतरवलेल्या चाळींतला बर्मा सागवान जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात वर्षानुवर्षे विकला जातो आहे. त्या बाजाराला त्याची किंमत कळली, सरकारी पाडकामाला अजून कळायची आहे.

महाराष्ट्रात एक चांगले उदाहरण डोळ्यांसमोर आहे. भायखळा स्थानकाची 1857 ची दगडी इमारत पाडण्याऐवजी सावरली गेली, वास्तुतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली, आणि 2022 मध्ये तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. सर्वांत उत्तम पुनर्वापर हा असा असतो: दगड आपल्या जागेवरून हललाच नाही, रोज हजारो माणसे त्याच्याखालून जातात. पण सगळीकडे हे शक्य नसते. अमृत भारत योजनेत 6 ऑगस्ट 2023 रोजी देशातल्या 508 स्थानकांच्या कामांची पायाभरणी झाली, त्यांत महाराष्ट्रातली 44 होती. फलाट रुंद करायचे, सरकते जिने बसवायचे, वृद्धांना आणि अपंगांना सोय करायची तर काही जुन्या खोल्या, काही छपरे जाणारच, आणि जायला हवीत. व्हीलचेअरवरच्या माणसाला दगडी पायरीचे सौंदर्य ऐकवण्यात मला काही अर्थ वाटत नाही. पायरी काढा, मात्र ती काळ्या पाषाणाची अखंड पायरी खडी करायच्या यंत्रात जाऊ नये, तिचा त्याच आवारात बाक व्हावा, पारावरचा कठडा व्हावा.

राजघाटावर पुन्हा मोठे काम येते आहे. वाराणसी आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन यांच्या दरम्यान, म्हणजे जुन्या मुगलसरायपर्यंत, गंगेवर नवा रेल्वे आणि रस्ता पूल बांधायला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2024 मध्ये मंजुरी दिली. खालून चार रेल्वेमार्ग, वरून सहा पदरी रस्ता, खर्च 2,642 कोटी रुपये. काशी स्थानकाचा पुनर्विकासही हाती घेतला आहे. 1940 मध्ये ज्या मातीतून मुद्रा निघाल्या तिच्याच अंगाला पुन्हा पाया खणला जाणार. इथे दोन प्रकारचे साहित्य एकाच वेळी हाताशी येईल: वरच्या जुन्या रेल्वे इमारतींचे, आणि खालच्या अडीच हजारांहून अधिक वर्षांच्या वस्तीचे. दुसरे वापरायचे नसतेच, जपायचे असते. खंदक खणताना पुरातत्त्वाचा माणूस रोज जागेवर असणे, माती चाळून मगच भरावाला पाठवणे, आणि वरच्या बांधकामातून निघालेल्या दगड-विटा-लाकडाची वेगळी नोंदवही ठेवून त्याच कंत्राटात त्यांच्या उतरवण्याचा व साठवणुकीचा दर देणे, एवढे तरी आजच्या निविदेत घालता येण्यासारखे आहे. हजारो कोटींच्या कामात त्याचा खर्च नजरेत भरणार नाही इतका लहान असेल.

पुढच्या पानांत मोजमापे, तक्ते, मसाल्याचे प्रमाण, लाकूड तपासण्याच्या रीती असे बरेच कामाचे आहे. ते अभियंत्यांनी आणि गवंड्यांनी वाचावे. पण मला हे पुस्तक स्थानकावर रोज उतरणाऱ्या माणसाच्या हातात गेलेले पाहायचे आहे. आपल्या गावच्या स्थानकाला पत्र्याचे कुंपण लागले की त्याने कुंपणामागे जाणाऱ्या ट्रकांकडे पाहावे आणि जुन्या तिकीटघराचे दगड कुठे नेले, किती निघाले, कोणी मोजले हे माहितीच्या अधिकारात विचारावे. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. काम सुरू होण्याआधी विचारले तर दगड अजून जागेवर असतात.